शिलाईतली माया

डॅफ्नियाचं डोकं मोजायचं तर आधी तिला जागेवर थांबवावं लागतं. खड्ड्याच्या स्लाइडवर एक थेंब घ्यायचा, त्या थेंबात ती, आणि टिश्यूपेपरच्या टोकाने पाणी हळूहळू टिपत जायचं, इतकंच की तिला हलता येणार नाही पण ती सुकणारही नाही. जास्त टिपलं तर मरते. घाई केली तर मरते. कॉलेजच्या बायॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं मी मुलांना स्लाइडी लावून देतेय, हात बसलाय, तरी पहिल्या आठवड्यात माझ्या हातून सात-आठ गेल्या आणि दर वेळी वाईट वाटलं, कारण भिंगाखाली एकदा तिचं धडधडणारं हृदय बघितलं की मग तिला "नमुना" म्हणवत नाही.

डॅफ्निया म्हणजे पाणपिसू, कुणी जलपिसू म्हणतं. पिसवेसारखी चावत वगैरे काही नाही, झटके देत पाण्यात उड्या मारते म्हणून ते नाव पडलं. खेकडा, कोळंबी यांच्याच गोतातली, कवचधारी, पण आकाराने तांदळाच्या कणीएवढी, आणि कवच काचेसारखं आरपार. त्यामुळे आत काय चाललंय ते सगळं दिसतं. एकच मोठा काळा डोळा सतत थरथरत असतो, शेवाळ खाऊन हिरवं झालेलं आतडं, पाठीकडे हृदय, आणि त्याच्या मागच्या पिशवीत अंडी, दोन दिवसांनी बघितलं तर डोळे फुटलेली पिल्लं. नर लागत नाही. पाणी बरं असेल, खाणं असेल तर आई एकटीच पोरी देत राहते आणि त्या पोरी जनुकांच्या हिशेबाने तंतोतंत आईच असतात, काना-मात्रेचाही फरक नाही म्हणा ना. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

सुरुवात भाच्यापासून झाली. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, घरात त्याच्या गप्पी माशांच्या तीन टाक्या आहेत आणि बारक्या पिल्लांना जिवंत खाणं पाहिजे म्हणून तो डॅफ्नियाच्या मागे होता. मी म्हटलं विकत कशाला आणतोस, पकडू. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही सगळे खडकवासल्याला गेलो. आईची जुनी नायलॉनची साडी कापून भरतकामाच्या रिंगला ताणून बसवली होती, त्याला काठी, झाली जाळी. चौपाटीवरची गर्दी सोडून जरा पुढे, बॅकवॉटरच्या बाजूला, काठावरूनच दहा-पंधरा वेळा जाळी ओढली आणि बरणीत झटकली. बहीण भजी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं बरणी उन्हात धरून आत नाचणारे ठिपके मोजत होतो.

घरी येऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि मी थांबलेच. (मायक्रोस्कोप माझा आहे, एका सरांनी रिटायर होताना त्यांचा जुना मला दिला, तो खिडकीपाशीच असतो.) आमच्या लॅबच्या भिंतीवर तीस वर्षं जो तक्ता टांगलाय त्यातल्या डॅफ्नियाचं डोकं गोल आहे, पक्ष्यासारखी छोटी चोच आणि मागे एक बारीक शेपूट. खडकवासल्याच्या बाईचं डोकं भाल्यासारखं निमुळतं होत वर गेलेलं, कवचाच्या दोन्ही बाजूंना काटे, आणि शेपटीचा काटा अंगाएवढा लांब. शोधून शोधून नाव सापडलं, डॅफ्निया लुमहोल्ट्झी.

या नावाची गोष्ट मला फार आवडते. कार्ल लुमहोल्ट्झ नावाचा नॉर्वेचा प्रवासी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला फिरत होता, तिथल्या एका तळ्याचा वाळलेला चिखल त्याने मायदेशी पाठवला. नुसता चिखल. तो जॉर्ज ओसियन सार्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे पोचला, त्याने त्यावर पाणी ओतलं आणि थोड्या दिवसांत त्यातून जिवंत डॅफ्निया बाहेर आल्या. दिवस वाईट यायला लागले, पाणी आटायला लागलं की या आया वेगळी अंडी घालतात, जाड कवचाच्या डबीत बंद केलेली, ती चिखलात वर्षानुवर्षं तग धरतात. सार्सने १८८५ मध्ये त्या प्राण्याचं वर्णन छापलं आणि चिखल पाठवणाऱ्याचं नाव त्याला दिलं. पुढे हीच डॅफ्निया १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या धरणांत सापडायला लागली, तिकडे ती पाहुणी. आपल्याकडची मात्र घरचीच, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया हे तिचं माहेर.

तर मी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीत बरणीत ठेवलं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं, आणि खायला गच्चीतल्या सिमेंटच्या टाकीतलं हिरवं पाणी रोज दोन चमचे. भाच्याचे मासे तृप्त झाले, माझी बरणी भरत राहिली. तीन-चार आठवड्यांनी सहज एक स्लाइड लावली आणि वाटलं की चुकून दुसरीच कुठली तरी वाढलीय. डोकं बुटकं. टोक होतं, पण नावापुरतं. शेपटीचा काटाही आखडलेला. दुसरी बघितली, तिसरी बघितली, सगळ्या तशाच. एकाच आईच्या वंशातल्या, दुसरं काही मी बरणीत टाकलंच नव्हतं.

हे का होतं ते पुस्तकातून मला माहीत होतं. खरं सांगायचं तर लॅबमध्ये मुलांना ते शिकवलं जातानाही मी ऐकलेलं, एक ओळ असते, वातावरणाचा परिणाम, झालं, पुढचा धडा. पण स्वतःच्या खिडकीत ते होताना बघणं वेगळं. मग मी एक काम केलं, एकच आई घेतली, तिच्या पोरी दोन बरण्यांत वाटल्या. एकीत साधं शिळं पाणी. दुसरीत भाच्याच्या टाकीतलं, कापडातून गाळून घेतलेलं पाणी, म्हणजे मासा नाही, फक्त मासा राहिलेलं पाणी. दोन्ही बरण्या एकाच खिडकीत, कारण पुण्यातली थंडी पडायला लागली होती आणि या प्राण्याचं डोकं थंडी-उन्हाळ्यानेही बदलतं, तेव्हा ती भानगड नको. हिरवं पाणी त्याच चमच्याने मोजून. माशांच्या पाण्यात खाणं थोडं जास्तच जात असेल ही शंका मला आजही आहे, ती वहीत लिहून ठेवलीय. संक्रांतीपर्यंत भिंगाशिवायही फरक कळत होता. बरणी दिव्यासमोर धरली की माशांच्या पाण्यातल्या पोरी टाचणीसारख्या टोकदार दिसायच्या, दुसऱ्या बरणीतल्या ठिपक्यासारख्या.

मासा तिने आयुष्यात बघितलेला नाही. मासा फक्त पाण्यात विरघळून आला होता.

ही गोष्ट माणसांच्या लक्षात यायला खूप वेळ लागला. आधी असं व्हायचं की एकाच तळ्यातली उन्हाळ्यातली उंच डोक्याची आणि हिवाळ्यातली गोल डोक्याची, या दोन वेगळ्या जाती समजून लोक वेगवेगळी नावं ठेवायचे. मग लक्षात आलं की ऋतू फिरतो तसा आकार फिरतो. जर्मनीतल्या रिचर्ड वोल्टेरेक यांनी १९०९ मध्ये याच्यावर एक मोठं काम मांडलं, त्यांनी वेगवेगळ्या तळ्यांतल्या डॅफ्नियांचे वंश वेगळे वाढवले, प्रत्येकाला कमी, मध्यम, भरपूर असं शेवाळ दिलं आणि डोक्याची उंची मोजत गेले. एका वंशाची एक उंची असं काही निघेना. निघाली ती एक वक्ररेषा, इतकं खाणं तर इतकं डोकं, तितकं खाणं तर तितकं, आणि दर वंशाची रेषा निराळी. या सगळ्या रेषेला त्यांनी नाव दिलं, रिअॅक्शन नॉर्म. गंमत म्हणजे त्याच १९०९ साली डेन्मार्कच्या योहानसेन यांनी "जीन" हा शब्द पहिल्यांदा वापरला. वोल्टेरेकना वाटलं होतं की आपल्या रेषांमुळे योहानसेन यांची मांडणी अडचणीत येते. योहानसेन म्हणाले, छे, ही अख्खी रेषाच तर वारशाने मिळते.

मला हे वाचताना आईची शिलाई मशीन आठवली. आम्ही पुण्यात आलो तेव्हा आई घरी ब्लाउज, परकर-पोलकी शिवायची. कापड बेतताना ती मापाच्या बाहेर दीड-दोन बोटं जास्त कापायची आणि आत दुमडून टाकायची, त्याला म्हणतात माया. शिवणीत माया ठेवली की पोर वाढली तरी कपडा वाया जात नाही, उसवायचं, सैल करायचं, परत टीप मारायची. आणि ज्याने कापड वाचवायला माया ठेवलीच नाही त्याचा कपडा एकदा घट्ट झाला की संपला. तर अंडं कापताना निसर्गाने आत माया दुमडून ठेवलीय, असं मला वोल्टेरेकच्या त्या रेषा बघताना वाटलं. किती उसवायची ते पाणी ठरवतं. पण माया असते तेवढीच असते, माझ्या बरणीतल्या डॅफ्नियाला कितीही माशांचं पाणी पाजलं तरी तिला खेकड्याच्या नांग्या येणार नाहीत. आणि प्रत्येक वंशाची माया वेगवेगळी.

सगळीकडे असंच असतं असंही नाही. गोड्या पाण्यातलाच एक कवचधारी आहे, असेलस अॅक्वाटिकस, युरोपात ओढ्या-तळ्यांत राहतो, करडा-तपकिरी, डोळे असलेला. त्याचेच भाऊबंद स्लोव्हेनियातल्या पोस्टोयनाच्या गुहांत अंधारात राहतात, ते पांढरेफटक, बिनडोळ्यांचे. त्यांना उजेडात आणून वाढवलं तर डोळे परत येत नाहीत. ती माया पिढ्यान्‌पिढ्या कापून कापून गेलेली, आता तो नवीन कपडा झालाय. डॅफ्नियाचं तसं नाही, तिची शिवण अजून उसवता येते, आणि मला तिचं हेच आवडतं.

काटे असे कशासाठी, तर गिळायला अवघड जावं म्हणून. लहान माशांच्या तोंडात टोकदार डोकं आणि लांब शेपूट अडकतं, ते थुंकून टाकतात. आणि मग कायमच काटे का नाही ठेवत, हा प्रश्न भाच्याने विचारला तेव्हा मला आनंद झाला. कारण काटे फुकट नसतात. कवच बांधायला लागतं ते अंड्यांच्या वाटचं जातं, पोरी उशिरा होतात किंवा कमी होतात. मासाच नसेल तर हा खर्च कशाला. त्यात शत्रूही एका मापाचा नसतो. मासा डोळ्यांनी शिकार करतो, त्याला मोठी डॅफ्निया आधी दिसते, त्यामुळे मासे असलेल्या पाण्यात लहान अंगाने लवकर वयात येणं फायद्याचं. उलट डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीची अळी असते, केओबोरस, काचेसारखी पारदर्शक, पाण्यात आडवी तरंगत असते, तिचं तोंड लहान, तिला बारकी पिल्लंच सापडतात. तिच्यापासून वाचायचं तर लवकर मोठं व्हायचं. डॅफ्निया प्युलेक्स ही जात त्या अळीच्या पाण्यात पिल्लांच्या मानेवर छोटे छोटे दात उगवते. अमेरिकेतल्या क्रूगर आणि डॉडसन यांनी १९८१ मध्ये दाखवलं की अळी नसली तरी चालतं, अळीचं नुसतं पाणी पुरतं. पिल्लू मोठं झालं, तोंडात मावेनासं झालं की पुढची कात टाकताना ते दात जातात. गरज होती तेवढे दिवसच.

आणि त्या पाण्यात नेमकं काय असतं हे २०१८ मध्ये कळलं. अळी जे खाते ते पचवण्यासाठी तिच्या पोटात काही पदार्थ तयार होतात, स्निग्धाम्लाला ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल जोडलेले, आणि ते खाल्ल्यावर बाहेर पडतात. तोच हा वास. म्हणजे शिकारी स्वतःची चाहूल लपवू शकत नाही, लपवायची तर पचन सोडावं लागेल. आणि डॅफ्निया जे ओळखते ते अळीचं अंग नाहीच, ते आहे इथे कुणीतरी नुकतंच खाल्लं गेलंय ही बातमी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्र झाली होती, खिडकीत दोन बरण्या होत्या, आणि मला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं.

आता मी आमच्या घरची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मी या बरण्यांशी एवढी का बांधली गेले ते कळणार नाही.

माझा जन्म माण तालुक्यातला, १९७३ च्या फेब्रुवारीतला. ज्यांना साताऱ्याची पूर्वेकडची बाजू माहिती आहे त्यांना हे साल सांगावं लागत नाही. बहात्तरचा दुष्काळ. पाऊस गेला, जनावरं गेली, विहिरींना तळ लागले, गावच्या गावं दुष्काळी कामावर. आई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, पोटात मी, आणि ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो, परदेशातून आलेली लाल ज्वारी, तिच्या भाकरीला चव नसायची आणि ती थापतानाच तुटायची असं आई अजून सांगते. मी चार वर्षांची असताना वडिलांना पिंपरीला कंपनीत काम लागलं आणि आम्ही आलो. धाकटी इथेच झाली, १९८० ला. दूध रोजचं, वरण-भात रोजचा, शाळेजवळ दवाखाना.

मी चार फूट नऊ इंच. धाकटी पाच फूट चार. एकच आई, एकच बाप.

आम्ही डॅफ्निया नाही, बहिणी आहोत, दोघींची जनुकं वेगळी आहेत, तेव्हा सात इंचांचा हिशेब मी सगळा दुष्काळाच्या नावावर टाकत नाही. पण लहानपणापासून मी जे ऐकलं ते असं नव्हतं की हिला लहानपणी मिळालं नाही. ऐकलं ते असं, की ही मुळातच खुरटी, हिचं हाडच बारीक, ही आजीवर गेली. माझी लग्नं मोडली ती उंचीवर, एकदा तर चौकटीला उभं करून बघितलं होतं मला, मी अठरा-एकोणीसची, मुलाकडची मंडळी बसलेली आणि चौकटीवर खडूची रेघ. "मुळातच" हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. मुळात काय होतं ते कुणी बघितलंय. मूळ कधीच एकटं दिसत नाही, ते कुठल्या तरी पाण्यातच दिसतं.

अडतिसाव्या वर्षी मला डायबेटिस निघाला. ज्या दवाखान्यात गेले तिथले डॉक्टर रिपोर्टकडे बघत म्हणाले, तुम्ही तर एवढ्या बारीक, तुम्हाला कसा? गोड फार खाता का? मी गप्प बसले. पुढे पुण्यातल्याच केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या कामाबद्दल वाचनात आलं आणि त्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं झालं. १९९० च्या दशकात त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, काय खातात, किती काम करतात, बाळं केवढी होतात. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण ही आपली लहानशी बाळं सगळ्या बाजूंनी सारखी लहान नव्हती, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र बऱ्यापैकी राखलेली. बारीक दिसणारी पण आतून चरबीची. याज्ञिकांचा आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी फोटो २००४ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३, आणि अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला दोघं सारखेच.

त्या खेड्यांतल्या आया शेतात राबत होत्या, खात होत्या त्यापेक्षा जास्त काम करत होत्या. पोटातल्या बाळाला बाहेरचं पाणी कसं आहे त्याचा अंदाज आईच्या अंगातूनच येतो, दुसरी खिडकी नाही त्याला. ते त्या अंदाजाप्रमाणे कापड बेततं. बाहेर येऊन तेच पाणी मिळालं तर कदाचित निभावतं, पण चार वर्षांनी पिंपरी मिळाली, साखरेचा चहा, पाव, बसून करायचं काम मिळालं, तर बेतलेलं माप आणि अंग यांचा मेळ बसत नाही. माझ्या एकटीच्या बाबतीत हेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, एका माणसावरून असं सांगता येत नाही. पण त्या दवाखान्यातल्या प्रश्नात जो आरोप होता तो माझ्या अंगावरून त्या दिवशी उतरला.

अजून एक प्रयोग आहे, तो मी आईला सांगायचा की नाही यावर पुष्कळ दिवस घालवले. १९९९ मध्ये "नेचर" या विज्ञानाच्या नियतकालिकात अग्रवाल, लाफोर्श आणि टोल्रियान यांनी छापलेला. डॅफ्निया कुकुलाटा या जातीच्या आयांना शिकाऱ्याच्या वासाच्या पाण्यात ठेवलं, आणि त्यांच्या पोरी साध्या, बिनवासाच्या पाण्यात वाढवल्या. पोरींनी शिकाऱ्याची चाहूलही घेतलेली नव्हती. तरी त्यांची डोकी, ज्यांच्या आयांनी धोका पाहिला नव्हता अशा पोरींपेक्षा उंच निघाली. आईने जे पाणी बघितलं ते पोरीच्या अंगावर उतरलं.

वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं आणि मग लगेच भीती वाटली, की आई हे ऐकेल आणि म्हणेल, म्हणजे माझ्यामुळेच. ती आधीच म्हणते. मला साखर निघाली तेव्हापासून, मी इन्सुलिनचं पेन काढलं की ती दुसरीकडे बघते. एकदा म्हणाली होती, "तुझ्या टायमाला पोटात काय न्हवतंच गं माझ्या, तुला कुठनं देणार." मी म्हटलं आई, असं नको बोलू, तू वाचवलंस मला. तिला ते पटलं नाही, ती भाजी निवडत राहिली.

डॅफ्निया आईकडून बघितलं तर तो प्रयोग वेगळा वाचता येतो, हे मला फार उशिरा सुचलं. त्या आयांनी पोरींना घाबरवलं नव्हतं. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी अंड्यात घातलं, की पोरी बाहेर गेल्यावर असं असं आहे, टोक वाढवून ठेव. पोरी जर त्याच तळ्यात पडल्या असत्या, आणि बहुतेक वेळा त्या त्याच तळ्यात पडतात, तर त्याच वाचल्या असत्या. साधं पाणी हा प्रयोग करणाऱ्यांचा बेत होता, तो आयांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. माझ्या आईला बहात्तर साली पिंपरी दिसत नव्हती. कुणालाच दिसत नव्हती.

होळीच्या आदल्या दिवशी आई माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी मी स्लाइड लावत होते, ती मागे येऊन उभी राहिली. म्हटलं बघतेस का. तिची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, तिला आता माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. खुर्ची ओढून दिली, उंची लावली, एक डोळा मिटायला सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काळीज उडतंय गं हिचं."

मी म्हटलं हो, आणि त्याच्या मागे बघ, गोल गोल. "आंडी हायेत?" अंडी नाहीत, पिल्लं आहेत, डोळे बघ बारके. ती परत वाकली. मी तिला सांगितलं मग, सगळंच सांगितलं, माशांचं पाणी, साधं पाणी, लांब डोकं, बुटकं डोकं, एकाच आईच्या सगळ्या. १९९९ चा प्रयोगही सांगितला. शिलाईतली माया म्हटलं तेव्हा तिने मान हलवली, ते तिला एका झटक्यात समजलं, मला समजायला महिने लागले होते. आयांना माहीत होतं तेवढं त्यांनी दिलं, हे मी मुद्दाम दोनदा म्हटलं. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. ती भिंगातच बघत होती.

"ही कुठल्या बरणीतली?"

माशांच्या पाण्यातली.

"मग हिला तिकडं टाक की आता. साध्यात."

मी ड्रॉपरने तिला उचललं आणि साध्या बरणीत सोडलं. एक-दोन झटके देऊन ती मधोमध जाऊन तरंगायला लागली, पाठीवर पिल्लं तशीच. मी आईला म्हटलं, पण आत्ता जी होतील ती टोकदारच असणार बघ, पुढच्या एक-दोन खेपांनाही थोडं राहील.

आई बरणी उजेडाकडे धरून बघत होती. "आसू दे," म्हणाली, "त्येंच्या पोरींचं बघू."